कल्हई, जस्त, इनॅमल: खानदेशातल्या लेपांची गोष्ट

1884 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून नुकताच बाहेर पडलेला, बाविशी-तेविशीतला एक अभियंता मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाला आणि थोड्याच दिवसांत धुळ्याला आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्याचं नाव. तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी व्हायला अजून बावीस वर्षं होती. या तरुणाच्या वाट्याला सुरुवातीलाच जी कामं आली त्यांत एक होतं साक्रीच्या बाजूला दातर्ती गावाजवळचं. पांझरेच्या एका प्रवाहातून नळ टाकून सायफननं पाणी पलीकडे न्यायचं होतं. पुढे देशातला सर्वात नावाजलेला अभियंता झाल्यावर लिहिलेल्या आठवणींतही विश्वेश्वरय्यांनी या नळाच्या कामाला जागा दिली आहे.

पांझरेच्या काठाला पाणी वळवणं नवं नव्हतं. फड पद्धत तिथे काही शतकांपासून चालत आलेली. नदीवर दगड-चुन्याचे बंधारे, त्यांतून निघालेले मातीचे पाट, पाटावर देखरेख करणारे पाटकरी आणि गावानं मिळून ठरवलेली पाळी, असा तो सगळा कारभार. त्या व्यवस्थेत धातूला जवळजवळ काम नव्हतं. बंधारा फुटला तर दगड रचायचे, पाट गाळानं भरला तर उपसायचा. बिघाड डोळ्यांना दिसायचा आणि गावाच्या हातांनी दुरुस्त व्हायचा. नळाचं तसं नसतं. नळ जमिनीत पुरला की तो कसा आहे हे वर्षानुवर्षं कोणालाच कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात लोखंड मोठ्या प्रमाणावर यायला लागलं आणि त्याच्याबरोबर एक नवा प्रश्न आला. हे लोखंड गंजण्यापासून वाचवायचं कसं? आणि त्यावरचा लेप झिजला तर पुन्हा द्यायचा कोणी?

त्यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. खानदेशातल्या भांड्यांचा, पत्र्यांचा, नळांचा आणि पाट्यांचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास त्याच्याच भोवती फिरतो.

गंज चढायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. दोन्ही एकत्र भेटले नाहीत तर लोखंड सुखरूप राहतं. खानदेशचं हवामान या बाबतीत लोखंडाला बरंच अनुकूल आहे. जळगावला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्याला त्याहून कमी. पावसाळा सरला की आठ महिने हवा कोरडी, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कोकणात चार-सहा वर्षांत चाळण होणारा पत्रा इथे बराच टिकतो, तो याच कारणानं. मात्र ही सवलत उघड्यावरच्या लोखंडाला. जमिनीतल्या, पाण्यातल्या आणि स्वयंपाकघरातल्या धातूला तिचा काहीच फायदा नाही.

जमिनीतल्या नळांसाठी त्या काळी एक उपाय सर्रास वापरात होता. बिडाचे नळ तापवायचे आणि गरम डांबराच्या मिश्रणात बुडवून काढायचे. ही रीत मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांच्या नावानं ओळखली जायची. हेच ते स्मिथ, ज्यांनी कारखान्यांच्या धुरामुळे पावसात आम्ल उतरतं हे मोजून दाखवलं आणि 1872 च्या आपल्या ग्रंथात त्याला आम्लवर्षा असं नाव दिलं. धातू कशानं खाल्ला जातो आणि कशानं वाचतो, या दोन्ही बाजू एकाच माणसानं अभ्यासल्या होत्या. डांबराचा लेप स्वस्त होता आणि चांगला टिकायचाही. पण तो एकदाच, नळ पुरण्यापूर्वी द्यायचा. पुढे शंभर वर्षांत तो कुठे सुटला, कुठे खरवडला, हे रस्त्यात पाण्याचं डबकं साठल्यावरच समजायचं.

रेल्वेनं लोखंडाचा ओघ वाढवला. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पाठोपाठ सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले, जळगावात सूतगिरणी उभी राहिली. 1900 साली चाळीसगावहून धुळ्यालाही फाटा गेला. गाडीनं कापूस बाहेर जायचा आणि आत यायचं ते यंत्रांचं लोखंड, रॉकेलचे डबे आणि नालीदार पत्रे.

पत्र्यानं खानदेशी घरांचं रूप पालटलं. इथली जुनी घरं धाब्याची. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या, पालापाचोळा आणि वर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, रात्री धाब्यावर झोपायची सोय. पण दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून धाबं चोपावं लागायचं. पत्र्यानं ही वर्षाची मेहनत वाचवली आणि त्या बदल्यात मे महिन्याची भट्टी घरात आणली. ज्यांनी दोन्ही छपरांखाली दिवस काढले आहेत, त्यांना हा सौदा किती महागात पडला ते सांगावं लागत नाही.

हा पत्रा टिकायचा तो त्यावरच्या जस्तामुळे. लोखंडाचा पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवून काढण्याच्या कृतीचं पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी 1837 साली घेतलं. जस्त साधारण 420 अंशांना वितळतं. लोखंडावर बसलेलं जस्त दोन तऱ्हांनी काम करतं. ते हवा-पाणी आत जाऊ देत नाही, ही एक. दुसरी जास्त विलक्षण आहे. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला गंजू देत नाही. ओरखड्याची डागडुजी करायला कोणी लागत नाही. जस्त आहे तोवर ते काम ते स्वतःच करतं, आणि संपलं की पत्रा लाल व्हायला लागतो. रॉकेलच्या डब्यावर कथलाचा मुलामा असायचा. त्याला ही विद्या येत नाही. उलट कथलाला चरा गेला की उघडं पडलेलं लोखंड अधिकच जोरानं गंजतं. म्हणून रॉकेलचा रिकामा डबा धान्याला चालायचा आणि पाण्याला लवकर फुटायचा.

स्वयंपाकघरात मात्र कथील राजा होतं.

पितळेची पातेली, तांब्याचे हंडे आणि बंब, परात, तपेली, गंगाळ: मध्यमवर्गीय आणि शेतकरी घरांतला हा संसार तांबट आणि कासारांच्या हातचा. तांब्याला आणि पितळेला आंबट चालत नाही. ताक, चिंच, आमसूल, अंबाडीची भाजी उघड्या पितळेत राहिली की कळकते आणि खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात. भांड्याच्या आतल्या बाजूला कल्हई हवीच. ती सैपाकाच्या रोजच्या घासणीनं झिजायची, म्हणून कल्हईवाला वर्षातून एक-दोनदा गल्लीत बसायचा.

त्याची कृती पाहण्यासारखी होती. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. भांडं आधी घासून निर्मळ करायचं, विस्तवावर धरून तापवायचं, मग चिमूटभर नवसागराची पूड टाकायची. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठायचा. तापलेला नवसागर विघटन पावतो आणि त्यातलं आम्ल तांब्यावरचा काळपट थर खाऊन टाकतं. त्या क्षणी कथलाची कांडी टेकवली की 232 अंशांना वितळणारं कथील पाण्यासारखं पसरतं. कापसाच्या बोळ्यानं ते सर्वभर फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. मघाचं काळं पातेलं आतून चांदीसारखं लखलखत बाहेर यायचं. सगळं कौशल्य तापमानाच्या अंदाजात. कमी तापलं तर कथील धरत नाही, जास्त तापलं तर जळतं. या कामात लबाडीलाही वाव होता. कथील महाग आणि शिसं स्वस्त, म्हणून काही जण मिसळ करायचे, आणि ते शिसं अन्नातून पोटात जायचं. घरच्या बायका म्हणूनच ठरावीक कल्हईवाल्याची वाट पाहायच्या. हा व्यवहार विश्वासाचा होता, कारण लेप कसला आहे हे गिऱ्हाइकाला पाहून कळत नव्हतं.

अशा घरांत इनॅमल आलं ते बाहेरून. ऑस्ट्रियाची, जर्मनीची, नंतर जपानची भांडी मुंबईच्या बाजारातून रेल्वेनं आत पोचली. पांढरी शुभ्र ताटली, तिला निळी कड, तसाच मग, तसंच तसराळं. कल्हई लागत नाही, आंबट चालतं, घासायला सोपं. हे सगळं कशामुळे, तर वरचा थर धातूचा नाहीच. तो काचेचा आहे.

लोखंडावर काच चिकटवणं ही गोष्ट ऐकायला सोपी, करायला फार कठीण. सोन्या-चांदीवर मिना चढवण्याची कला प्राचीन आहे आणि जयपूरच्या कारागिरांनी ती कळसाला नेली. पण सोनं तापवलं तरी त्यावर गंजाचा थर येत नाही. लोखंडाचं तसं नाही. बिडाच्या भांड्यावर काचेचा लेप द्यायचं तंत्र जर्मनीत अठराव्या शतकात आकाराला आलं आणि पातळ पोलादी पत्र्यावर ते बसायला एकोणिसावं शतक उजाडलं. गारगोटी, फेल्डस्पार, टाकणखार, सोडा एकत्र वितळवून ते थंड पाण्यात ओतायचं. काचेचे जे तुकडे होतात त्यांना फ्रिट म्हणतात. ते चिकणमाती आणि पाण्याबरोबर दळून दुधासारखा लगदा करायचा, पत्रा आम्लात निर्मळ करून त्यात बुडवायचा, वाळवायचा आणि साधारण 800 ते 850 अंशांच्या भट्टीत काही मिनिटं ठेवायचा.

पहिल्या थरात कोबाल्ट ऑक्साइड अगदी थोडं मिसळतात. काच आणि लोखंड यांची गाठ पक्की बसते ती त्याच्यामुळे. पहिला थर गडद निळा-काळा दिसतो तोही त्याच्यामुळे. वरचा पांढरा थर नंतरचा. जुन्या इनॅमलच्या मगाचा टवका उडालेला असतो तिथे मधली काळपट कड निरखून पाहिली तर हे दोन थर आजही वेगळे ओळखता येतात.

दुसरी युक्ती आकुंचनाची. भट्टीतून बाहेर आल्यावर पोलादही आकसतं आणि काचही. काच पोलादाहून जरा कमी आकसेल अशी तिची घडण ठेवतात. मग थंड झाल्यावर काच सगळीकडून दाबलेल्या अवस्थेत राहते. काचेला ताण सोसत नाही, दाब उत्तम सोसतो. म्हणून इनॅमलचं ताट काचेच्या बशीपेक्षा कितीतरी जास्त आदळआपट सहन करतं. पोलादही खास लागतं, कार्बन अगदी कमी असलेलं. नाहीतर भट्टीत वायूचे बुडबुडे येऊन लेपाला छिद्रं पडतात. आणि पोलादात हायड्रोजन अडकून राहिला तर चांगलं दिसणारं भांडं काही दिवसांनी आपोआप टवके टाकतं, माशाच्या खवल्यांसारखे अर्धचंद्राकार. कारखान्यातून निर्दोष निघालेला माल दुकानाच्या फळीवर खराब व्हावा, ही या उद्योगाची जुनी डोकेदुखी. तिच्यावर उतारा शोधण्यात धातुशास्त्रज्ञांची विसाव्या शतकातली कित्येक वर्षं गेली.

महाराष्ट्रात हा उद्योग काचेच्याच घरातून वाढला, हे ओघानंच आलं. 1916 साली कऱ्हाड स्टेशनजवळ, औंध संस्थानच्या आश्रयानं ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला आणि त्या माळाला ओगलेवाडी हे नाव पडलं. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. काच आणि पत्रा दोन्ही हाताखाली असलेल्या या कारखान्यानं पुढे इनॅमलचा मालही काढला. स्वदेशीच्या काळात बंगालमध्येही इनॅमलचे कारखाने निघाले होते. खानदेशात असा कारखाना निघाला नाही. खानदेश गिऱ्हाईक राहिला, आणि तेही जरा हातचं राखून वागणारं.

याचं कारण घरातल्या रीतीत होतं. इनॅमलचं भांडं सोवळ्यात चालत नसे. देवाधर्माला, पंक्तीला, रुखवताला तांब्या-पितळेचंच भांडं हवं. शिवाय पितळेचा हंडा फुटला तरी मोड म्हणून वजनावर विकला जायचा, वेळ पडली तर गहाण पडायचा. इनॅमलच्या ताटाला मोड नाही. त्यामुळे ते शिरलं चहाच्या मगापुरतं, आजाऱ्याच्या खाटेपाशी, दवाखान्यात, तुरुंगात, पलटणीत आणि वसतिगृहात. दवाखान्यातली ती पांढरी तसराळी आणि मूत्रपिंडाच्या आकाराची तबकं ही या लेपाची सर्वात योग्य जागा होती. उकळत्या पाण्यात घाला, औषधात बुडवा, काच बधत नाही.

शिवाय कल्हईवाल्याकडे इनॅमलवर इलाज नव्हता. कल्हई गेली तर पुन्हा चढते. जस्त स्वतः झिजून पत्रा राखतं. इनॅमलचा टवका एकदा उडाला की घरच्या विस्तवावर तो पुन्हा बसत नाही, त्याला आठशे अंशांची भट्टी लागते. उडालेल्या जागी गंज धरतो, भोक पडतं, मग डाग लावणारा फार तर झाळण देतो. गावातल्या कारागिराला हात घालता येणार नाही असा हा घरातला पहिलाच लेप असावा. त्याचा कर्ता दूर कुठेतरी होता, आणि दुरुस्त करणारा कोणीच नव्हता.

घराबाहेर मात्र इनॅमलनं खानदेश जिंकला. रेल्वे फलाटांवरच्या पाट्या, दुकानांवरच्या चहा-साबणाच्या रंगीत जाहिराती, नगरपालिकेनं दारावर ठोकलेले निळ्या जमिनीवर पांढऱ्या आकड्यांचे घरनंबर. तेलरंगाची पाटी खानदेशच्या उन्हात काही वर्षांत फिकी होते. इनॅमलचा रंग काचेत विरघळलेल्या धातूंच्या ऑक्साइडांचा असतो, त्याला ऊन काही करू शकत नाही. स्वातंत्र्यानंतर विहिरींवर विजेचे पंप बसू लागले, केळीच्या आणि कापसाच्या शेतांतून तारा गेल्या, आणि खांबाखांबांवर पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत धोक्याच्या पाट्या आल्या: कवटी, हाडं, व्होल्टचा आकडा. या पाट्या इनॅमलच्या असाव्यात असं भारतीय मानकातच लिहिलेलं आहे. रावेर-यावलच्या शिवारात आजही दिसणाऱ्या अशा पाट्यांचे कोपरे पोरांनी दगड मारून गंजवलेले असतात, पण मधली अक्षरं तशीच तांबडी आहेत.

भांड्यांच्या दुनियेत मग स्टेनलेस स्टील आलं आणि सगळ्याच लेपांचा निकाल लागला. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेल्या पोलादावर गंज चढत नाही हे हेरलं होतं. त्याचं रहस्य असं की हवेशी गाठ पडताच क्रोमियमचा ऑक्साइड होतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा बनतो. तो खरवडला तर उघड्या पडलेल्या जागी लगेच नवा धरतो. म्हणजे याही धातूला लेप आहे, पण तो पुन्हा द्यायला माणूस लागत नाही, हवाच देते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सेलमचा सरकारी कारखाना सुरू झाला, पण त्याआधीच बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलची डबी-पातेली देत दारोदार फिरू लागली होती. पितळेचे हंडे मोडीत गेले, इनॅमलचे मग कोनाड्यात पडले आणि कल्हईवाल्याची भट्टी वर्षातून एकदाही पेटेनाशी झाली. स्टीलचा फायदा कोणी नाकारणार नाही, कळकलेल्या ताकानं माणसं आजारी पडायची ती थांबली. पण तापल्या भांड्याचा रंग पाहून तापमान ओळखणारा एक डोळा कल्हईवाल्याबरोबर गेला, आणि त्याच्या मुलांसाठी त्या जागी दुसरं काही ठेवलेलं नव्हतं.

नळाची गोष्टही खानदेशातच वळली. 1963 साली जळगावात भवरलाल जैन यांनी घरच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेल विकायला सुरुवात केली, तेव्हा ते हातगाडीवरून विकलं जायचं. 1980 मध्ये त्याच कुटुंबानं पीव्हीसी पाइपांचं उत्पादन सुरू केलं आणि पुढे ठिबक सिंचनात नाव काढलं. केळीच्या मळ्यात लोखंडी पाइपची जागा पांढऱ्या-करड्या प्लास्टिकनं घेतली. ज्याला गंजच चढत नाही त्याला लेप कशाला? विश्वेश्वरय्यांच्या खात्यातल्या कोणत्याही अभियंत्याला हे उत्तर नक्की आवडलं असतं.

तरीही पोलादाला काच लावण्याचं काम संपलेलं नाही. ते फक्त नजरेआड गेलं आहे. औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांतल्या काच-अस्तराच्या टाक्या गुजरातेत करमसदला 1960 च्या दशकापासून बनतात. कोळशावरच्या वीजकेंद्रांत धुरातल्या गंधकाचं आम्ल जिथे दवासारखं जमतं, तिथे इनॅमल चढवलेले पत्रे वापरण्याची रीत जगभर आहे. आणि घरात, तांब्याच्या बंबाच्या जागी आलेल्या गिझरच्या टाकीत आतून निळसर इनॅमल असतं. अमेरिकेतल्या ए. ओ. स्मिथ कंपनीनं 1936 साली याचं पेटंट घेतलं.

ही टाकी बनवणाऱ्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली आहे. काचेचा थर कितीही नीट दिला तरी त्यात कुठेतरी सुईच्या अग्राएवढी छिद्रं राहतातच. म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक सळई सोडलेली असते. ती पत्र्यावरच्या जस्ताचंच काम करते, आधी स्वतः झिजते आणि पोलाद राखते. क्षार जास्त असलेल्या पाण्यात ती लवकर संपते. जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत बोअरच्या पाण्यावर चालणारे गिझर पुष्कळ आहेत. दोन-तीन वर्षांनी सळई तपासून बदलावी, अशी सूचना सोबतच्या पुस्तिकेत असते. गिझर दुरुस्त करणारे तरुण सांगतात की बहुतेक घरांत टाकी पहिल्यांदा उघडली जाते ती गळायला लागल्यावर, आणि तेव्हा सळईच्या जागी नुसती तार उरलेली असते.